फराळावरचे उपदेशवाङ्मय

मराठी दिवाळी अंकाला एक गमतीची सवय आहे. एका पानावर पाकातल्या चिरोट्यांची साग्रसंगीत कृती असते, आणि चार पाने उलटली की ‘सणासुदीत प्रकृती कशी राखावी’ हा लेख डोळे वटारून उभा असतो. ही दोन पाने एकाच शिवणीत बांधलेली असूनही त्यांची परस्परांशी ओळख नसते. कृती लिहिणारीला वाटते, वाचकाला भूक आहे. उपदेश लिहिणाऱ्याला वाटते, वाचकाला वजन आहे. वाचक बिचारा पहिले पान वाचून स्वयंपाकघरात डोकावतो आणि दुसरे पान वाचून हळहळतो. हळहळून झाल्यावर पुन्हा स्वयंपाकघरात डोकावतो.

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या काळात दिवाळी अंकातील कथेची समीक्षा झाली, कवितेची झाली, मुखपृष्ठांची आणि हास्यचित्रांचीही झाली. राशिभविष्याची कोणी समीक्षा करीत नाही, कारण ते पडताळून पाहीपर्यंत पुढचा अंक येतो. परंतु या आरोग्यलेखाची समीक्षा का होऊ नये? आजोबांपासून कॉलेजातल्या नातीपर्यंत घरातले सगळे तो वाचतात. दर वर्षी तो नव्याने लिहिला जातो. आणि दर वर्षी भाऊबीज उलटली की त्यातला एकही नियम घरात उरलेला नसतो. ज्या लेखनाला इतका वाचक आहे आणि ज्याचा इतका थोडा उपयोग होतो, त्यात वाङ्मय म्हणून काही दोष असला पाहिजे.

मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. तेव्हा साखर खावी की गूळ, याचा निवाडा करावयास मी बसलेलो नाही. मला पाहावयाचे आहे ते एवढेच, की हे लेखन कोणाला उद्देशून होते, ते काय गृहीत धरते, आणि ते वाचल्यावर वाचकाच्या हातून काही घडण्याची शक्यता ते ठेवते की नाही.

या वाङ्मयात मला ढोबळ मानाने तीन संप्रदाय दिसतात. पहिल्याला मी हिशेबी संप्रदाय म्हणेन. त्याची पोथी म्हणजे उष्मांकांचा तक्ता. हिशेब खोटा नसतो. एका मध्यम बेसनलाडवात दहा ग्रॅम तूप, पंधरा ग्रॅम बेसन आणि तेवढीच पिठीसाखर धरली, तर तुपाचे दर ग्रॅमला नऊ आणि साखरेचे दर ग्रॅमला चार या मापाने लाडू दोनशे उष्मांकांच्या घरात जातो. साठ किलो वजनाच्या माणसाने तासभर चांगले भरभर चालावे, तेव्हा जवळपास तेवढेच खर्ची पडतात. म्हणजे एक लाडू, एक तास. हे वाचून माणूस दचकतो, आणि लेखकाला वाटते की काम झाले. पण दचकणे म्हणजे सुधारणे नव्हे. ज्याला दोन लाडू खाऊन झाले आहेत त्याला दोन तास चालावयाचे नसते, आणि ज्याला चालावयाचे असते तो लाडवाकडे तासाच्या नजरेने पाहत नाही. या संप्रदायाचा दोष गणितात नसून त्याने रंगविलेल्या पात्रात आहे. त्याचा माणूस एकटा आहे. त्याच्यासमोर एक बशी आहे, एक तराजू आहे, आणि बाकी जगात कोणी नाही. असा माणूस इस्पितळात भेटेल. दिवाळीत भेटावयाचा नाही.

याच संप्रदायाला उपयोगी पडावा असा एक अभ्यास मात्र त्याच्या लेखांत मला फारसा दिसला नाही. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील १९५ प्रौढांच्या वजनांची पाहणी प्रसिद्ध झाली. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच्या त्यांच्या सणांच्या मोसमात वजन सरासरी ०.३७ किलोने वाढले, म्हणजे पुरते चारशे ग्रॅमही नाही. लोकांची स्वतःबद्दलची धास्ती याहून मोठी असते. पण पाहणीची खरी बाब पुढेच आहे. ही वाढ नंतरच्या वसंतात आणि उन्हाळ्यात उतरली नाही. ती माणसे आपली नव्हेत, सणही आपला नव्हे. तेव्हा तो आकडा उचलून आपल्या अंगाला चिकटवू नये. तथापि त्यातला विचार घेण्याजोगा आहे. दिवाळीच्या चार दिवसांनी कोणी फुगत नाही. गणपतीच्या मोदकांपासून जे सुरू होते, ते नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या खऱ्या लग्नांपर्यंत चालू राहते. थोडे थोडे साचते, आणि साचलेले राहते. चार दिवसांना गुन्हेगार ठरवून चार महिन्यांना सोडून देणारा लेख वाचकाची फसवणूक करतो. शिवाय त्या चार दिवसांतला त्याचा आनंद नासवतो तो वेगळाच.

दुसरा संप्रदाय परंपरेचा. याची भाषा फार गोड असते. आपल्या पूर्वजांनी सारे काही ऋतू पाहूनच ठरविले; थंडीत अग्नी प्रदीप्त होतो, म्हणून दिवाळीला तूप, तळण आणि मिष्टान्न; तेव्हा निर्धास्त खावे. हे वाचताना मन सुखावते, आणि सुखावलेले मन पुरावा मागत नाही. परंतु समीक्षकाला तो मागावाच लागतो. मी वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ काढून ऋतुचर्येचा अध्याय पाहिला. आश्विन आणि कार्तिक मिळून शरद ऋतू. हेमंत मार्गशीर्षात सुरू होतो. आश्विनाची अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन, म्हणजे आपली दिवाळी बरोबर शरदाच्या मध्यावर येते. हेमंतात वाग्भट स्निग्ध आणि जड अन्नाला मोकळीक देतो, हे खरे. पण शरदात? शरदात पित्त प्रकोप पावते, सबब भूक लागल्यावरच जेवावे, हलके जेवावे. कडू, गोड आणि तुरट रसांचे जेवावे, असे तो सांगतो. आणि शरदात वर्ज्य म्हणून जी यादी देतो, तीत पोट तुडुंब भरेपर्यंत खाणे आहे, तेल आहे, दही आहे, आणि दुपारची झोप आहे. दिवाळीचा पाडवा ज्याने महाराष्ट्रात पाहिला आहे, त्याला या यादीत आपल्या दुपारचे तंतोतंत चित्र सापडेल.

याचा अर्थ परंपरा चुकली असा नव्हे. तिच्या नावाने लिहिणाऱ्यांनी ती वाचली नाही, एवढाच अर्थ आहे. वाचली असती तर त्यांना कितीतरी कामाचे मिळाले असते. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट पायाच्या अंगठ्याखाली फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. वर्षाच्या सर्वांत गोड सणाची सुरुवात एका कडू थेंबाने होते, हे केवढे बोलके आहे! त्याचा शरदाच्या कडू रसाशी संबंध जोडण्याचा मोह मला होतो, पण पुराव्यावाचून जोडणार नाही. नाहीतर मीही त्याच संप्रदायाचा व्हावयाचा. गोव्यातल्या घरांत त्या सकाळी पोह्यांचा मान असतो. दुधातले, ताकातले, गुळाचे, बटाट्याचे असे पाच-सहा परींचे फोव पानात येतात, आणि सण तेवढ्यानेही साजरा होतो. तळणाची कढई चढल्याशिवाय दिवाळी होत नाही ही समजूत सह्याद्री उतरून गेल्यावर पातळ होते, हे आमच्या परंपरावाद्यांनी ध्यानात घ्यावयास हवे.

वाग्भटाच्याच ग्रंथात दोन ‘अर्ध’ आहेत, आणि दोन्ही मला फार आवडतात. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने भरावे, एक पाण्याने आणि एक रिकामा ठेवावा, हे पहिले. दुसरे व्यायामाचे: स्निग्ध खाणाऱ्या बलवान माणसाने थंडीत आणि वसंतात आपल्या शक्तीच्या निम्म्याइतका व्यायाम करावा, इतर वेळी त्याहून कमी. निम्मे पोट आणि निम्मी शक्ती. या सांगण्यात धाक नाही, तक्ता नाही, पश्चात्ताप नाही. शतकांपूर्वीचा हा लेखक वाचकाला शहाणा समजून बोलतो. आजच्या लेखांतून नेमकी तीच गोष्ट नाहीशी झाली आहे.

तिसरा संप्रदाय घड्याळाचा. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून निघालेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेला दोन जेवणांचा विचार आता घराघरांत ठाऊक आहे. दिवसातून दोनदाच खावे, प्रत्येक खाणे पंचावन्न मिनिटांत आटपावे. त्याच्या वैद्यकीय बाजूवर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत त्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरला विचारल्यावाचून बदलू नयेत, हे उघड आहे. वाङ्मय म्हणून मात्र त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. तो एका वाक्यात मावतो आणि लक्षात राहतो. दहा नियमांच्या लेखातला सातवा नियम कोणाला आठवतो? पण दिवाळीच्या दारात हाही संप्रदाय अडखळतो, कारण फराळ ही वस्तूच मुळी दोन जेवणांच्या मधली आहे. तो सकाळी अंघोळीनंतर असतो, अकराला शेजारी आले की असतो, चारला चहाबरोबर असतो आणि रात्री परगावचा भाचा दारात उभा राहिला की पुन्हा असतो. घड्याळ तुमच्या मनगटावर असते. बशी दुसऱ्याच्या हातात असते.

येथे मी माझ्या मुद्द्यावर येतो. तिन्ही संप्रदाय एकमेकांशी भांडत असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. तिघेही खाणाऱ्याशी बोलतात. तू मोज, तू आठव, तू थांब. आणि दिवाळीत कोणी किती खावे हे खाणारा ठरवीतच नाही. ते वाढणारा ठरवितो. ज्याच्या हाती निर्णय नाही त्याला उपदेश करावयाचा आणि ज्याच्या हाती तो आहे त्याला वगळावयाचे, हा या वाङ्मयाचा मूळ दोष आहे. बाकीचे दोष त्याच्या पोटातले.

मराठी आग्रहाचे व्याकरण कोणी लिहिले नाही, पण आपणा सर्वांना ते पाठ आहे. ‘घ्या हो, एकच’ हा प्रथम पुरुष. ‘आमच्याकडचं आवडलं नाही वाटतं’ हा द्वितीय. ‘हिने तीन दिवस खपून केलंय’ हा तृतीय पुरुष, आणि याच्यापुढे कोणाचेही चालत नाही. ‘नको’ या शब्दाला आपल्या घरांत नकाराचा अर्थच नाही. तो शिष्टाचाराचा पहिला टप्पा समजला जातो. पाहुण्याने तीनदा नको म्हणावयाचे आणि यजमानाने चौथ्यांदा वाढावयाचे, असा हा संकेत. तो पडला तेव्हा साखर आणि तूप या वर्षातून मोजक्या दिवशी दिसणाऱ्या वस्तू होत्या. पाहुण्याला खरोखर हवे असे आणि मागण्याचा संकोच असे. तो संकोच मोडण्यासाठी आग्रह होता. तो दयेचा एक प्रकार होता. आज मिठाईच्या दुकानात बाराही महिने दिवाळी असते, आणि आग्रह मात्र दुष्काळातल्यासारखा चालू आहे.

याची किंमत कोण देतो? भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत दिला आहे. तुमच्या दिवाणखान्यात भाऊबीजेला दहा-बारा माणसे बसली असतील, तर त्यात असा एखादा तरी असणे मुळीच नवलाचे नाही. आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना मधुमेह निघाला त्या वर्षी ते पाडव्याला चार घरी गेले आणि चारही ठिकाणी त्यांना आपला आजार भरल्या बैठकीत सांगावा लागला. एका घरी ‘एका लाडवाने काय होतंय’ झाले. दुसऱ्या घरी कोणीतरी त्यांच्या साखरेचा आकडा विचारला आणि त्यावर चर्चा रंगली. तिसऱ्या घरी त्यांच्यासाठी मुद्दाम ‘बिनसाखरेचा’ पेढा आणवला होता. तो त्यांनी मान राखण्यासाठी खाल्ला. पुढल्या वर्षापासून ते दिवाळीत कोणाकडे जात नाहीत. बहिणीला ओवाळणी ते मुलाबरोबर पाठवितात. त्यांची साखर आता ताब्यात आहे, असे त्यांचा मुलगा अभिमानाने सांगतो. मला मात्र त्या अभिमानात सामील होता येत नाही. सत्तरीतला भाऊ भाऊबीजेला बहिणीच्या दारात जात नाही, तो लाडवाच्या भयाने नव्हे, आपल्या भयाने. आरोग्यलेखातले सर्व दहा नियम त्यांनी पाळले आहेत. त्या लेखात अकरावा नियम नव्हता, आणि तो त्यांच्यासाठी असावयासही नको होता. तो त्यांच्या चार यजमानांसाठी हवा होता.

या लेखांतून वगळलेले आणखी एक माणूस आहे, ते म्हणजे फराळ करणारी. ‘बाहेरचे आणू नका, घरीच करा’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण असते? तेल चांगले असावे, एकदा तापवलेले पुन्हा वापरू नये, हे बरोबरच आहे. पण घरीच करा म्हणजे कोणी करा? दिवसभर नोकरी करून आलेली बाई रात्री दहाला चकलीचा सोऱ्या घेऊन बसते, दोनशे शंकरपाळे तळते, तुटलेल्या करंज्या आणि उरलेला चुरा उभ्या उभ्या तोंडात टाकते आणि त्यालाच जेवण म्हणते. तिचे रोजचे फिरणे या पंधरवड्यात पहिल्यांदा बंद होते, झोप दुसऱ्यांदा. तिला उद्देशून एक ओळ नाही. आणि परंपरेचे लेखक तर तिला सांगतात की जात्यावरचे दळण आणि उखळातले कांडण हाच पूर्वीच्या बायकांचा व्यायाम होता! त्या बायका व्यायाम म्हणून दळत नव्हत्या. दळल्यावाचून भाकरी होत नव्हती म्हणून दळत होत्या. त्यांच्या कष्टांना आरोग्याचा मुलामा देणे हे परंपरेचे प्रेम नव्हे.

या दृष्टीने पाहता मला आपली पाकपुस्तके या आरोग्यलेखांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतात. १८७५ सालचे ‘सूपशास्त्र’, १९१० सालचे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’, आणि १९७० साली आलेली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ ही पुस्तके करणाऱ्या हाताशी बोलतात. ‘रुचिरे’चे यश पुष्कळ अंशी तिच्या वाटी-चमच्याच्या मापांत आहे. किती तूप, किती साखर, हे त्यात उघड लिहिलेले असते. लपविलेले काही नाही. लाडवात काय जाते हे लाडू वळणारीला पक्के ठाऊक असते, आणि लाडू केवढा वळावा हेही तिच्याच हातात असते. लिंबाएवढा लाडू आणि सुपारीहून थोडा मोठा लाडू यांत चवीचा काही फरक नाही. उलट धाकटा लाडू माणूस पुरता खातो आणि समाधान पावतो. जो फरक तक्ते वाचून खाणाऱ्याला साधत नाही, तो वळणाऱ्या मुठीला सहज साधतो. पण या मुठीशी बोलण्याचे आमच्या उपदेशकांच्या मनात येत नाही.

व्यायामाच्या बाजूने पाहावयाचे तर चांगल्या उपदेशवाङ्मयाचा एक नमुना आपल्याच घरचा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांवर मराठीत पुस्तक लिहिले, आणि १९३८ साली त्याच विषयावर ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे इंग्रजी पुस्तकही लंडनहून निघाले. त्यांच्या सगळ्याच दाव्यांशी आजचे वैद्यक सहमत होणार नाही. पण त्यांची मांडणी पाहा. ते वाचकाला काय सोडावे याआधी काय करावे ते सांगतात. त्याला साधन लागत नाही, खर्च लागत नाही, सतरंजीएवढी जागा आणि थोडा वेळ पुरतो. आणि मुख्य म्हणजे ते एकट्याला सांगून थांबले नाहीत; आपल्या संस्थानातल्या शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले. एकट्याचा निश्चय चार दिवस टिकतो, चौघांची रीत चाळीस वर्षे टिकते, हे त्यांनी ओळखले होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला निदान दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. दिवसाला बावीस मिनिटे झाली. सणात ती कोठून काढावी असे विचारणाऱ्याला माझे उत्तर आहे, की सणातूनच काढावी. मुलांबरोबर अंगणात किल्ला बांधावयास बसा. माती कालवणे, दगड उचलणे, उठणे-बसणे यांत अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. गावातल्या गावात आत्याकडे जावयाचे तर स्कूटर न काढता सगळ्यांनी मिळून चालत जावे. वाटेत आकाशकंदील पाहावयास मिळतात, आणि म्हाताऱ्यांच्या चालीने चालल्यामुळे गप्पाही होतात. वेगळा व्यायाम म्हणून याची वहीत नोंद होणार नाही. तशी ती होण्याची गरजही नाही.

आता समीक्षकाने केवळ दोष दाखवून निघून जाऊ नये, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. पुढच्या वर्षी हा लेख कोणी लिहावयास घेतला तर त्याने तो यजमानाला उद्देशून लिहावा, एवढी माझी मागणी आहे. त्यात काय असावे हेही सांगतो. फराळाची बशी समोर ठेवावी, एकदा ‘घ्या’ म्हणावे, आणि मग दुसऱ्या विषयावर बोलावे. प्रत्येकाला भरलेली बशी देण्यापेक्षा मध्ये एक ताट ठेवावे, म्हणजे ज्याला जे हवे ते तो घेईल, आणि न घेणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. कारण विचारणे हा आग्रहाचाच एक छुपा प्रकार आहे. चिवड्याशेजारी पेरूच्या फोडी, भाजलेले शेंगदाणे आणि ताक ठेवावे, पण ते ‘तुमच्यासाठी मुद्दाम’ म्हणून नव्हे, सगळ्यांसाठी म्हणून. गुळाचे केले म्हणजे मधुमेहाला चालते, किंवा चकली भट्टीत भाजली म्हणजे ती औषध झाली, असे पाहुण्याला पटवू नये. गूळही रक्तातली साखर वाढवितो, आणि भाजलेल्या चकलीतही पीठ आणि मोहन असतेच. आणि डब्यांचे काय? शेजारचा डबा रिकामा परत करू नये, ही आपली सुंदर रीत. पण बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत प्रत्येकाने प्रत्येकाला डबा दिला, की प्रत्येक घरात स्वतःच्या फराळाशिवाय अकरा घरांचा फराळ येऊन पडतो आणि महिनाभर संपता संपत नाही. डबा रिकामा देऊ नये हे कबूल. मग त्यात दोन सीताफळे घालावी, तुळशीचे रोप द्यावे, नाहीतर वाचून झालेला दिवाळी अंक घालावा.

यातली कोणतीही गोष्ट करावयास तराजू लागत नाही. निर्धारही फारसा लागत नाही. लागते ती दुसऱ्याच्या ‘नको’वर विश्वास ठेवण्याची तयारी, आणि ती मात्र आपल्याकडे अजून कमी आहे. प्रेम आणि प्रमाण यांत विरोध आहे असे आपण पिढ्यानपिढ्या मानीत आलो. जास्त वाढले म्हणजे जास्त माया, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट आहे, की ते मोडणारा यजमान आपल्याला कृपण वाटतो. आरोग्यलेखकाला खरे काम करावयाचे असेल तर त्याने या समीकरणाला हात घालावा. ते उष्मांकांच्या तक्त्याने साधणार नाही. त्यासाठी आपल्या घराघरांतली भाषा ऐकावी लागेल, तिच्यातला विनोद आणि तिच्यातली जबरदस्ती दोन्ही ओळखावी लागतील, आणि वाचकाला न दुखविता ते सांगावे लागेल. ते काम वैद्याइतकेच लेखकाचेही आहे, म्हणूनच मी त्याची समीक्षा करावयास धजलो.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दारात कंदील लागलेला असेल आणि घरात तळणाचा वास दरवळत असेल. फराळ करा, आनंदाने करा. त्याच्यावर माझा राग नाही. चांगल्या अनारशाचा मीही भक्त आहे. एवढेच करा, की या भाऊबीजेला तुमच्याकडे कोणी भाऊ, काका किंवा जुने मास्तर येणार नसतील, तर ते का येत नाहीत याचा घरात एकदा विचार करा. आणि त्यांना निरोप धाडा, की या, बसा, बोला. खाण्याचे तुमचे तुम्ही पाहा, आम्ही विचारणार नाही.